उलटी कैफियत

सारांच्या घरी गेलं की चहाच्या आधी मांडीवर कीबोर्ड यायचा. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. मधल्या स्टुलावर एक जुना, बोजड मॉनिटर, आणि त्याचं तोंड सारांकडे. आलेल्यानं कीबोर्डवर लिहायचं, सारांनी ते पडद्यावर वाचायचं आणि तोंडानं उत्तर द्यायचं. त्यांचे दोन्ही कान नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गेले होते. कानातलं यंत्र त्यांनी घेतलं होतं, पण ते कायम शर्टाच्या खिशात असे. "त्याच्यातून गोंगाट येते, माणूस येत नाई," असं त्यांचं म्हणणं.

या व्यवस्थेतून कोणाचीही सुटका नव्हती. दूधवाला 'उद्या येत नाही' असं तेलुगूत टाइप करून जायचा. एकदा एक विमा एजंट आला. बिचाऱ्यानं एका बोटानं खपून आपलं सगळं भाषण लिहून काढलं. सारांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "तिसऱ्या वाक्यात तुमी पहिल्या वाक्याच्या उलट बोलून राह्यले." एजंट पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. फक्त काकू, म्हणजे सारांच्या पत्नी, कीबोर्डला हात लावत नसत. त्या समोर उभ्या राहून तोंड भरून बोलत आणि सारांना ते बिनचूक कळे. "जन्मभर एकच बोलून राह्यली," सार म्हणत, "तिचे ओठ पाठ हायेत मले."

मी त्यांचा भाडेकरू. आदिलाबादला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो आणि गावाला लागूनच असलेल्या मावल्याला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. 'सार' हे आमच्याकडचं तेलुगू वळणाचं 'सर'. गणिताचे मास्तर म्हणून त्यांनी मराठी, तेलुगू, उर्दू अशी तिन्ही माध्यमांची पोरं हाताखालून काढली होती, आणि मराठी पोरंही त्यांना सारच म्हणत. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. सार प्रोग्रॅम लिहायला बसले.

आमच्या जिल्ह्यात माणूस एक आणि नावं तीन असा मामला फार. आजोबांचं नाव निजामाच्या काळच्या उर्दू कागदावर एक, बापाच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि नातवाच्या रेशनकार्डावर तेलुगूत तिसरंच. ही सगळी नावं एकाच घरची आहेत हे ओळखणारा प्रोग्रॅम सारांनी तयार केला. लग्नं जुळवावीत तशी नावं जुळवतो म्हणून त्याला नाव दिलं 'सोयरीक'. तो ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचं आतलं लिखाण सगळ्यांना खुलं, कोणीही वाचावं, सुधारावं, फुकट वापरावं. हळूहळू माणसं जमली. मूळचा नांदेडचा, हैदराबादेत नोकरी करणारा कैलास आला. मुधोळची सुजाता आली. पुण्याचे दोघं, चेन्नईचा एक, परदेशातला एक. बघता बघता सारांचं बिऱ्हाड वाढलं.

या सगळ्यांचं बोलणं चालायचं ईमेलवर. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं, अशी एक सामायिक यादी होती. सार तिला टपाल म्हणत. त्यांची प्रत्येक मेल 'सप्रेम नमस्कार' म्हणून सुरू व्हायची आणि त्या दिवशी घरात काय शिजलं ते सांगून संपायची. मधे दोन अक्षरांच्या जुळणीचा असा काही किचकट विचार असे की वाचणाऱ्याला घाम फुटावा, आणि खाली लिहिलेलं असे, 'आज अंबाडीची भाजी व ज्वारीची भाकरी.' परदेशातला तो माणूस शेवटी एकदा विचारता झाला की, अंबाडी हा या प्रोग्रॅमचा कुठला भाग आहे? सारांनी त्याला अंबाडीवर सविस्तर मेल लिहिली. तीत भाजीचं तेलुगू नाव पुंटीकूर हेही दिलं, म्हणजे सोयरीक जुळेल.

आलेली प्रत्येक मेल ते मोठ्यानं वाचत. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मोठ्यानं म्हणजे गल्लीभर. आमच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या चुका त्या गल्लीला पाठ होत्या. चुकीला सार 'पाहुणा' म्हणायचे. मी सकाळी स्कूटर काढायला लागलो की समोरच्या घरातल्या बाई विचारायच्या, "काऊन रे, कालचा पाहुणा गेला का?" मी नाही म्हटलं की त्या हळहळायच्या.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण मला त्यातली एक गोष्ट कधीच गमतीची वाटली नाही. लग्नात, बाजारात, बसस्टँडवर लोक सारांशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलत. मोठ्यानं, तोडून तोडून, हातवारे करत. ज्या माणसानं जिल्ह्याला गणित शिकवलं त्याला दोन बोटं दाखवून 'दोन' म्हणत. टपालावर तसं नव्हतं. तिथं कोणालाच कान नव्हते, सगळेच डोळ्यांनी ऐकत. तिथं सार बहिरे नव्हतेच. जगात चारचौघांच्या बरोबरीनं बसायला त्यांच्याकडे तेवढी एकच जागा उरली होती.

आणि कैलासनं नेमका तिथंच हात घातला.

पोरगा वाईट नव्हता. त्याची तक्रारही खरी होती. टपालावर एक प्रश्न विचारला की उत्तर यायला दोन-तीन दिवस जात, तोवर नवीन आलेलं माणूस कंटाळून दुसरीकडे जाई. 'आता सगळे चॅटवर असतात,' त्यानं लिहिलं, 'आपणही एक चॅटची जागा ठरवू. आणि बोलता येईल अशी ठरवू.' झालं, घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

कुठली जागा, यावर आमच्यात जी लढाई झाली तशी गावच्या सरपंचपदावर होत नाही. फोन नंबरवर चालणारं ते सगळ्यांच्या हातातलं ॲप घ्यावं, तर बायांनी आपला नंबर साऱ्या जगाला का दाखवावा? गेम खेळणाऱ्या पोरांचं ॲप सोयीचं होतं, पण ते बंद कंपनीचं. आपण खुल्या सोर्सचा झेंडा मिरवणार आणि बसणार कोणाच्या कुलूपबंद माडीवर, असं पुणेकरांनी विचारलं, आणि पुणेकरांनी विचारल्यामुळे ते अर्थातच तीन परिच्छेदांत विचारलं. ऑफिसवाल्यांचं ॲप जुनं बोलणं काही महिन्यांनी गिळून टाकायचं. शेवटी आपलंच, खुल्या सोर्सचं, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असं एक सापडलं. त्यात 'खोली' नावाचा प्रकार होता. खोलीत शिरायचं आणि माईकवरून सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं, फोनवर बोलावं तसं. पोरं त्यावर लट्टू झाली. म्हणजे खरा प्रश्न एकच उरला, टपाल की खोली. खोली झाली तर सार बाहेर, हे लहान मुलालाही कळत होतं. कोणी बोलत मात्र नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

कैलासनं एक अफाट काम केलं. टपाल की खोली याचं मतदान घेतलं ते त्या खोलीतच घेतलं. जे खोलीत आले होते त्यांनी मत दिलं, आणि खोली एकमतानं निवडून आली. आम्ही सगळे स्वतःला तर्कशास्त्रात मुरलेले समजत होतो, पण तीन दिवस एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. सारांनी ते टपालावर वाचलं आणि हसत सुटले. "हजेरी घेऊन राह्यले हे," ते म्हणाले, "आन् विचारून राह्यले, गैरहजर कोण कोण हाय, हात वर करा!"

मग त्यांनी आपला नियम काढला. त्यांचे वडील निजामाच्या काळात एका पटवाऱ्याच्या हाताखाली होते. बांधाचं भांडण आलं की तो पटवारी म्हणे कोणालाच स्वतःची बाजू मांडू देत नसे. आधी समोरच्याची कैफियत तू सांग. अशी सांग की तो म्हणाला पाहिजे, 'हो, हेच माझं म्हणणं.' तोवर तुझी पाळी नाही. सार याला उलटी कैफियत म्हणत. मी पुढं पुष्कळ जुन्या लोकांना विचारलं, कोणाला असली पद्धत माहीत नव्हती. मला वाटतं पटवारी, बांध आणि भांडण हे सगळं सारांनीच वर्गात पोरं गप्प बसवायला रचलेलं असावं. पण नियम झकास होता. ज्याला खोली पाहिजे त्यानं टपालाची वकिली करायची, ज्याला टपाल पाहिजे त्यानं खोलीची. मतदान नंतर.

कैलासला टपालाची बाजू लिहायची होती. त्यानं लिहिलं, 'टपालावर सार आहेत, एवढं एक कारण पुरेसं आहे.' वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सारांनी दहा मिनिटांत उत्तर धाडलं, 'ही कैफियत नव्हे, हा सत्कार झाला. शाल-श्रीफळ परत पाठवीत आहे. पुन्हा लिहा. आज वांग्याचे भरीत.'

मला पाहिजे होतं टपाल, म्हणून मी खोलीची वकिली केली. दोन ओळी खरडल्या. मुद्दामच. पडेल वकील कसा असतो ते मी त्या दिवशी दाखवून दिलं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. सारांनाही टपालच पाहिजे होतं. तेही असंच काहीतरी लिहितील आणि विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. इतकी वर्षं ज्यांच्या डोक्यावर राहिलो त्यांना मी एवढंच ओळखलं होतं.

सार म्हणाले, "मुधोळले जायचं हाय. चाल."

"काऊन?" मी टाइप केलं.

"ज्याची बाजू सांगायची त्याच्या तोंडून आयकल्याशिवाय कैफियत होत नाई."

"खोली तर कैलासलाही पाहिजे. त्याला मेल करा."

"कैलास त सगळीकडंच बोलते. ते मुधोळची पोरगी खोली पाहिजे म्हणते, आन् बोलत कुठीच नाई. हे काय प्रकरण हाय?"

त्यांचं खरं होतं. सुजाता ही आमच्यातली सगळ्यात पक्की प्रोग्रॅमर. मुधोळच्या एका शाळेत क्लार्क होती. आजोबा-आजी दुसऱ्याच्या शेतात राबलेले, वडील शिकून मास्तर झालेले, आणि ही कॉम्प्युटर स्वतःच शिकलेली. तिच्याकडून काम यायचं ते चोख, पण सोबत शब्द एक नसायचा. आम्ही समजत होतो, बाई अबोल आहे. टपाल की खोली या प्रश्नावर तिचं उत्तर आलं तेही एकाच शब्दाचं: 'खोली.'

निर्मलला बस बदलून, भैंसा मागं टाकून आम्ही मुधोळला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. काकूंनी बांधून दिलेला डबा सारांनी निर्मलच्या स्टँडवरच संपवला होता आणि मला सांगितलं होतं की, तुझ्या वाट्याचंही मीच खाल्लं, कारण तू खिडकीबाहेर पाहत होतास. सुजाताचं घर शाळेच्या मागं होतं. वडील बाहेर आले, नमस्कार-चमत्कार झाले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर तिचा लॅपटॉप. सारांनी काही प्रस्तावना न करता तो उचलला, तिच्या मांडीवर ठेवला, पडदा आपल्याकडे वळवला आणि म्हणाले, "लिही बाई. खोली काऊन पाहिजे?"

सुजाताची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथंच थांबली. मी पाहत होतो. ती बोटं दिवसाला शेकडो ओळींचा प्रोग्रॅम लिहायची. तिला एक वाक्य लिहवेना.

"मी नाई लिहत," ती मला म्हणाली. "मी बोलतो, तुमी लिहा."

मी लॅपटॉप घेतला. ती बोलायला लागली, आणि आमची अबोल बाई बोलताना पाहून मी थक्क झालो. बोलणं कसलं, पाटाचं पाणी सुटलं होतं.

"सार, मी नवीन आली तवा लई खुशीनं पत्र लिहलं होतं. आमच्या शाळेत पोराईच्या नावाचा कसा घोळ होते, मायचं नाव येगळं, बापाचं येगळं, सगळं लिहलं. जसं बोलतो तसं लिहलं. दुसऱ्या दिवशी तुमी तेच पत्र साफ करून परत टाकलं. सगळ्याईनं वाचलं, छान छान म्हटलं. ते तुमच्या पत्राले म्हटलं."

मला ते आठवत होतं. सारांनी तिच्या मेलची शुद्ध मराठीत सुरेख प्रत केली होती. वर लिहिलं होतं, 'सर्वांच्या सोयीसाठी.' मास्तरांचा हात, चूक दिसली की लाल शाईनं आपोआप चालणारा. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांना तेव्हा ते कौतुकाचंच वाटलं होतं.

"तुमी माह्यं लिहनं धुऊन काढलं, सार," सुजाता म्हणाली. "मंग मले वाटलं, मीच मळकी हाय."

माझी बोटं थांबली. हे वाक्य त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर कसं ठेवायचं? जरा मऊ करावं, एखादा शब्द गाळावा, असं मनात आलं.

"काऊन थांबले?" ती म्हणाली. "लिहा ना. साफ नका करू."

मी जसंच्या तसं लिहिलं.

सार सगळं मोठ्यानं वाचायचे हे मी सांगितलंच आहे. ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. वाचलं आणि पुन्हा वाचलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता, आणि तोही आम्हा तिघांनाच.

मग त्यांनी विचारलं, "आन् खोलीत काय होईन?"

"खोलीत बोलता येते ना," सुजाता म्हणाली, मी टाइप करत गेलो. "बोलनं कोनी साफ करत नाई. आयकनारा आयकते, आन् त्याले समजते."

सारांनी खुर्ची पुढं ओढली. नियमाप्रमाणे आता त्यांनी तिची कैफियत तिला सांगायची होती. ते सांगायला लागले, आणि त्यांचा आवाज तो त्यांचा आवाज. शाळेच्या मैदानापर्यंत गेला असेल. "तू हौसेनं लिहलं," ते म्हणाले. "म्या त्याच्यावर हात फिरवला. तुले न विचारता फिरवला. लोकाईनं माह्यं कौतुक केलं, आन् तुहं तोंड बंद झालं. हे टपाल लिहनाऱ्याईचं गाव हाय, आन् त्या गावाच्या येशीवर मीच बसलो होतो. तुले असं गाव पाहिजे जिथं येशीवर कोनी बसत नाई. हेच म्हननं हाय का तुहं?"

दारात दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुजाताच्या वडिलांनी मान खाली घातली होती. सुजातानं सारांकडे सरळ पाहिलं आणि ओठ स्पष्ट दिसतील असं सावकाश म्हणाली, "हाव. हेच माह्यं म्हननं."

सारांनी मान डोलवली. कैफियत पुरी झाली. मग ती माझ्याकडे वळून घाईघाईनं म्हणाली, "पण त्याईले विचारा, खोली झाली त सार काय आयकतीन?"

मी लिहिलं. सारांनी वाचलं आणि हात झटकला. "ते माह्यं म्हननं हाय. तुह्या कैफियतीत घुसवू नको."

आम्ही परतीची बस धरली. निर्मल आल्यावर सार म्हणाले, "भजे खाशील? सकाळी तुहा डबा खाल्ला म्या." भजी त्यांनी मला खाऊ दिली आणि स्वतः एकालाही हात लावला नाही, तेव्हा मला कळलं की मामला गंभीर आहे.

दोन दिवसांनी त्यांची कैफियत टपालावर आली. सप्रेम नमस्कार नव्हता. खाली भाजीही नव्हती. आणि शुद्ध मराठीचा तो कडक इस्त्रीचा सदरा त्यांनी उतरवून ठेवला होता. आम्ही गल्लीत ऐकायचो तेच सार पहिल्यांदा कागदावर उतरले होते. सुजाताचं नाव त्यांनी कुठं घेतलं नव्हतं. त्यातलं थोडं मला अजून पाठ आहे:

'ज्याले लिहता येते त्याचंच म्हननं इथं टिकते. बाकीचे काम करून मुकाट जाते, आन् आपन म्हनतो अबोल हाय. अबोल कोनी नसते. आपन त्याईले बोलाची जागा देल्ली नाई. खोली झाली त एका मानसाले आयकू येनार नाई, असं तुमी सारे मनात म्हनून राह्यले. मले ठाऊक हाय. पन एकाचे कान गेले म्हनून दहा जनाईनं तोंडं शिवून बसावं, हा कोनता न्याय? मी खोलीच्या बाजूनं बोलून राह्यलो, आन् खरं बोलून राह्यलो.'

आता मतदान टपालावर झालं. जे टपालावर लिहीत नसत त्यांना मी स्वतः फोन करून मत विचारलं. कैलासनं दुसऱ्यांदा लिहिलेली टपालाची कैफियत खरोखर चांगली होती, पण सारांपुढं ती टिकते कुठली? खोली दणदणीत जिंकली. आपल्याच वकिलीनं सार आपल्या जागेवरून उठले.

मी संतापलो. आता हसू येतं, पण तेव्हा संतापलो. ताडताड जिना उतरून खाली गेलो आणि कीबोर्ड न घेताच ओरडायला लागलो. खोटं बोला असं नाही, पण थोडं कमी बोलला असतात तर काय बिघडलं असतं, मी नाही का दोन ओळी खरडल्या, आता बसा एकटे भिंतीकडे तोंड करून! सार माझ्या तोंडाकडे कुतूहलानं पाहत राहिले. काकू स्वयंपाकघरातून आल्या. "त्याईले आयकू येत नाई," त्या म्हणाल्या, "मले येते. हळू बोल."

मग त्यांनी नवऱ्यासमोर उभं राहून माझं सगळं भांडण तीन शब्दांत सांगितलं. बहुधा 'तो रागावला हाय' एवढंच. सार हसले आणि म्हणाले, "अरे पोट्ट्या, तुह्यासारख्या दोन ओळी लिहल्या असत्या त टपाल वाचलं असतं. मंग त्या टपालावर बसून म्या काय तोंडानं वाचलं असतं?"



कैलासला मतं मिळाली, पण चैन पडेना. त्यानं बोलण्याचं लगोलग लिखाण करणारं एक यंत्र खोलीला जोडून पाहिलं. शहरातल्या मराठीला ते बरं चाले. आमच्या बोलीतली दोन वाक्यं ऐकवली, मधे एखादा तेलुगू शब्द आला, की ते हात टेकायचं. पडद्यावर जे उमटे त्याला कुठलीच भाषा म्हणता आलं नसतं. सारांनी ते वाचून पाहिलं आणि कैलासला कळवलं, 'या यंत्राला आधी आदिलाबादला भाड्यानं खोली घेऊन राहायला सांगा.'

खोलीतली पहिली रीतसर बैठक एका रविवारी सकाळी ठरली. सार आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पडद्यासमोर बसले. मी शेजारी. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पडद्यावर एकेक नाव येऊन बसलं: कैलास, पुण्याचे दोघं, चेन्नईचा तो, सार. प्रत्येक नावाभोवती एक बारीक गोल रेघ होती. माणूस बोलायला लागला की ती हिरवी होई, थांबला की विझे. कैलास बोलला, पुणेकर बोलले. माझ्या कानात आवाज होते, सारांच्या डोळ्यांपुढं रेघा होत्या. मला तिथं बसवेना.

शेवटी सुजाताचं नाव आलं. बराच वेळ तिची रेघ विझलेलीच राहिली. कैलासनं काहीतरी विचारलं, आणि ती हिरवी झाली. क्षणभर विझली, पुन्हा हिरवी झाली. मग विझलीच नाही.

"बोलून राह्यली का?" सारांनी मला विचारलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी मान हलवली.

"जसं बोलते तसंच?"

मी पुन्हा मान हलवली. ती शाळेतल्या एका पोरीच्या नावाची हकिकत सांगत होती, आणि पुणेकर मधेच 'म्हणजे?' विचारत होते, आणि ती त्यांना समजावून सांगत होती. कोणी हसत नव्हतं. एकदाच हसले, ते ती हसली म्हणून.

मी सारांच्या समोर बोटांनी लिहिल्याची खूण केली. लिहून देऊ का, काय म्हणते ती?

"नंतर दे," सार म्हणाले. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "आत्ता पाहू दे."